जुन्या बुलेटचा ४ स्पीड गिअरबॉक्स: उघडून नीट करावा की ५ स्पीड बसवावा?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. माझी बुलेट ३५० जुनी आहे, उजव्या पायाच्या गिअरची, अल्बियन बनावटीच्या ४ स्पीड बॉक्सवाली. रोजच्या कामाला नाही, लांबच्या प्रवासालाच काढतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, कॅरिअरवर तंबू. सपाटीवर काही तक्रार नाही. चढ लागला की मात्र तिसऱ्यात इंजिन ओरडतं आणि चौथा टाकला की गाडी पडते. मधलं काही हाताशीच नाही.

त्यात हल्ली दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच न्यूट्रल लागतं. उभ्या गाडीत पहिला टाकताना खाडकन आवाज येतो. माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, हा बॉक्स काढा, ५ स्पीड टाकू, सगळं एका फटक्यात मिटेल. ज्यांनी हे केलंय, त्यांनी खरंच काय मिटलं ते सांगा. इंजिन बदलायचं नाहीये, गाडीही विकायची नाहीये.

किकर
५ स्पीड. डोळे मिटून. पुढचा प्रश्न?

तेलपाणी
डोळे उघडे ठेवूनच करा हो.

घाटमाथा, तुम्ही एका दमात तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगितल्यात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिला टाकताना खाडकन आवाज हा बहुतेक वेळा गिअरबॉक्सचा नसतोच, क्लच पूर्ण सुटत नसतो. मध्येच न्यूट्रल लागणं ही पायाकडच्या रॅचेटची (पायाच्या एका दाबाला एक गिअर सरकवणाऱ्या खटक्याची) जुळणी. आणि तिसऱ्या-चौथ्यातली दरी ही त्या बॉक्सची जन्मजात ठेवण आहे, ती कुठल्याही दुरुस्तीने जाणार नाही.

आधी क्लच. प्रायमरीचं (इंजिन ते क्लच या चेनच्या पेटीचं) बाहेरचं झाकण मधल्या एकाच नटवर असतं. खाली परात ठेवा, कारण झाकण सुटताच सगळं तेल खाली येतं. आता कुणाला तरी क्लच दाबून किक हळूहळू खाली न्यायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या प्रेशर प्लेटकडे बघा. ती सरळ उचलली गेली पाहिजे. एका बाजूने आधी उठत असेल तर स्प्रिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवून ती समतल करा. अशा डगमगत्या प्लेटमुळे क्लच अर्धवट लागलेला राहतो, मेनशाफ्ट (गिअरबॉक्सचा मुख्य दांडा) फिरत राहतो आणि पहिला गिअर ठोकून बसतो. झाकण उघडलंच आहे तर चेनही बघून घ्या. सगळ्यात घट्ट जागी वर-खाली मिळून पाव इंचभर ढील हवी.

मग रॅचेट. गिअरबॉक्सचं उजवं बाहेरचं कव्हर काढलं की एक पट्टी दिसेल, दोन बोल्टांवरची. बोल्ट सैल करून ती किंचित पुढेमागे सरकते. वर जाताना न्यूट्रल लागतं की खाली येताना, यावरून ती कुठे सरकवायची ते ठरतं. केसभर सरकवायची, घट्ट करायची, मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर घालून बघायचे. घाई केलीत तर एका बाजूचं नीट होऊन दुसऱ्या बाजूचं बिघडतं.

एवढं केल्यावर जे उरेल, त्याच्यासाठी ५ स्पीडचा विचार करा.

अवनी
तेलपाणींना पूर्ण अनुमोदन. एक विचारायचं राहिलं: घाटमाथा, गिअर टाकताना न्यूट्रल लागतं, की टाकलेला गिअर भारावर आपोआप सुटतो? दोन्ही फार वेगळं आहे. टाकताना चुकत असेल तर जुळणी. चढावर थ्रॉटल धरलेला असताना गिअर बाहेर उडी मारत असेल तर डॉगचे (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांचे) कोपरे गोल झालेत किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय, तिथे पट्टी सरकवून काही होत नाही.

घाटमाथा
धन्यवाद दोघांनाही. सुटत नाही, टाकतानाच चुकतो. एकदा बसला की पक्का बसतो.

उजवापाय
माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडणार. हा बॉक्स बदलू नका.

टाच मारली की दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून थेट न्यूट्रल देणारी ती छोटी दांडी दुसऱ्या कुठल्या गाडीत आहे? लांबच्या प्रवासात, रहदारीत, थकलेल्या मनगटाला तिचं सुख काय असतं ते वापरणाऱ्यालाच कळतं. शिवाय हा बॉक्स रस्त्याच्या कडेला उघडता येतो. इंजिन न उघडता, गाडीवरून न उतरवता, उजव्या बाजूने आतली कव्हरं काढली की गिअर हातात. टूरिंगच्या गाडीला याहून मोठा गुण कुठला?

आणि सवयीचं काय? आपल्या बुलेटला उजवा पाय, पहिला वर, बाकीचे खाली. सहज मिळणारे ५ स्पीड डाव्या पायाचे, पहिला खाली, बाकीचे वर. म्हणजे पाय बदलला आणि दिशाही उलटली. समोर गुरं आडवी आली की डोकं विचार करत नाही, पाय करतो. डावा पाय ब्रेक समजून दाबला जाईल आणि तिथे गिअर असेल.

फिरस्ती
+१ टाचेच्या न्यूट्रलला. फक्त पहिल्यातून ती चालत नाही, हे नवीन वाचणाऱ्यांसाठी.

गणिती
भावना बाजूला ठेवून आकडे बघू, कारण या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच आहे आणि बहुतेक जण ते न बघताच खर्च करतात.

गिअरबॉक्सची गुणोत्तरं (बाहेरच्या एका फेऱ्याला आत किती फेरे), पहिल्यापासून टॉपपर्यंत:
४ स्पीड: २.७८, १.८४, १.३६, १.००
५ स्पीड: ३.०६, २.०१, १.५२, १.२१, १.००

शेवटचा आकडा बघा. दोन्हीकडे १.००. म्हणजे चौथा काय आणि पाचवा काय, टॉप गिअर तोच. नुसता ५ स्पीड बॉक्स टाकून हायवेवर इंजिन एक आरपीएमनेही (मिनिटाला एका फेऱ्यानेही) शांत होणार नाही. 'पाचवा गिअर आला म्हणजे गाडी निवांत पळेल' ही सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे.

मग फरक कुठे? मधल्या अंतरात. ४ स्पीडमध्ये तिसऱ्यात ४००० आरपीएमला असताना चौथा टाकला तर इंजिन साधारण २९४० वर येतं. ५ स्पीडमध्ये चौथ्यातून पाचव्यात त्याच ४००० वरून ३३०० वर. घाटमाथा म्हणतात ती दरी म्हणजे जिन्याची गळालेली पायरी, ती इथे परत मिळते.

किकर
म्हणजे मी बरोबरच होतो :)

गणिती
अर्धे बरोबर. खरी गंमत पुढे आहे.

३५० ला गिअरबॉक्सवर १६ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मागे ३८. इंजिन ते क्लच २५ आणि ५६, म्हणजे २.२४. टॉप गिअरला इंजिन ते चाक एकूण गुणोत्तर २.२४ × ३८/१६ = ५.३२. पहिल्याला ते २.७८ ने गुणा: १४.८.

आता ५ स्पीड बॉक्स आणि त्यावर १८ दात. टॉप ४.७३, पहिला १४.५. बघा, पहिला गिअर जवळपास जुन्याइतकाच राहिला, म्हणजे भरलेली गाडी चढावर उचलायला त्रास नाही. आणि टॉप साडेबारा टक्क्यांनी लांब झाला. चौथा येतो ५.७२ वर, जुन्या टॉपपेक्षा जरासा आखूड. म्हणजे जुना टॉप जवळपास चौथ्यात मिळाला आणि वर ओव्हरड्राइव्हसारखा एक लांब गिअर.

चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर धरून ८० च्या वेगाला: १६ दात ३४५० च्या आसपास, १७ दात ३२५०, १८ दात ३०७५. इंजिनाचा स्ट्रोक ९० मिमी आहे. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.४ मीटरवरून ९.२ वर उतरतो. दिवसभराच्या पळण्यात हा फरक हाताला आणि बुडाला जाणवतो.

हेच १८ दात ४ स्पीडवर लावले तर? पहिला १३.२ होतो. दोन माणसं आणि सामान घेऊन चढावर क्लच जाळत उचलावी लागेल. म्हणून ५ स्पीडचा खरा फायदा असा की तो मोठं स्प्रॉकेट लावायची मोकळीक देतो. बॉक्स आणि स्प्रॉकेट यांचा निर्णय एकत्रच घ्यायला हवा.

अवनी
वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद वेगळा धागा करायच्या लायकीचा आहे.

उजवापाय
आकडे मान्य. पण १८ अश्वशक्तीच्या इंजिनाला समोरून वारा असताना ४.७३ चा टॉप ओढवेल का?

गणिती
नाही ओढवणार, आणि ओढायला लावूही नये. तेव्हा चौथ्यात चालवायचं. जुन्या गाडीत वाऱ्यात चौथ्यातून खाली आलात की थेट ७.२४ चा तिसरा होता.

दूरदेशी
माझ्याकडे बीएमडब्ल्यूची जुनी एअरहेड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची) आहे, म्हणून थोडं शेजारचं लिहितो. तिथेही हीच कथा: स्लॅश ५ मॉडेलपर्यंत ४ स्पीड, १९७४ च्या स्लॅश ६ पासून ५ स्पीड. बॉक्स इंजिनापासून सुटा असल्यामुळे लोक जुन्या गाड्यांना नंतरचे बॉक्स लावतात.

पण शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी फिरता दांडा) असल्यावर स्प्रॉकेटची सोय नाही. गाडी लांब पल्ल्याची करायची तर मागच्या चाकाजवळची अख्खी बेव्हल पेटी बदलायची. ३७/११ म्हणजे ३.३६, ३२/१० म्हणजे ३.२०, ३३/११ म्हणजे बरोबर ३, ३२/११ म्हणजे २.९१. आणि तिथे स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे पेटी बदलली की काटा चुकीचं दाखवायला लागतो. मीटरही त्या गुणोत्तराचं शोधावं लागतं.

बुलेटवाल्यांना हा त्रास नाही, केबल पुढच्या चाकाला असते. स्प्रॉकेट काहीही लावा, मीटरला फरक पडणार नाही.

अजून एक, सगळ्याच सुट्या बॉक्सवाल्या गाड्यांसाठी. एवढं उघडलंच आहे तर स्प्लाइन्स बघा. आमच्याकडे ड्राय क्लच असतो, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचा कोरड्या पडल्या की क्लच अडखळतो आणि दोष गिअरला दिला जातो. साफ करून बोटाने पातळ ग्रीस फिरवलं की गिअर लोण्यासारखे पडतात. जास्त लावायचं नाही, ते उडून प्लेटवर जातं.

व्ही_ट्विन
हार्लीची बाजू मांडतो. टूरिंगला १९८० च्या एफएलटी मॉडेलपासून ५ स्पीड आहे, ६ स्पीड आला २००७ ला. मधल्या वर्षांच्या गाड्यांना बाहेरचे ६ स्पीड संच बसवणारे बरेच आहेत. ओव्हरड्राइव्ह प्रकारात सहावा ०.८६ चा असतो, म्हणजे पाचव्यात ३००० ला पळणारी गाडी सहाव्यात २५८० ला.

इथे गणितींच्या बुलेटच्या उलट आहे: पहिले पाच तसेच राहतात, वर एक लांब गिअर वाढतो. दरी भरत नाही, छप्पर उंच होतं. पण सहावा ठरावीक वेगाच्या खाली टाकला तर ते अवजड इंजिन धडधडत ओढतं आणि क्रँकच्या बेअरिंगवर भार येतो. बरेच जण टाकता येतो म्हणून लवकर टाकतात. माझा नियम साधा आहे: थ्रॉटल थोडा पिळल्यावर गाडी लगेच उचलत नसेल तर तो गिअर चुकीचा.

फिरस्ती
अवांतर: गिअरबॉक्सचा विषय निघाला आहे तर गोल्ड विंगचा रिव्हर्स आठवल्याशिवाय राहवत नाही. १९८८ च्या जीएल १५०० ला होंडाने तो दिला. गाडी उलटी ढकलायला वेगळं इंजिन-बळ नाही, स्टार्टर मोटरच चाक मागे फिरवते. उतारावर नाक खाली करून लावलेली ती गाडी एकदा मागे ओढून बघा, मग त्या मोटरचं मोल कळेल.

किकर
बुलेटचा रिव्हर्स म्हणजे मागे बसलेली व्यक्ती. उतरा आणि ओढा.

फिरस्ती
घाटमाथांच्या सौ. हा धागा वाचत नसाव्यात अशी आशा.

व्ही_ट्विन
पण एक लक्षात घ्या, गोल्ड विंगसारख्या गाडीत गिअर इंजिनाच्याच पोटात असतात. तिथे एक फोर्क वाकडा झाला तरी इंजिन उतरवून केस फोडावी लागते. सुट्या बॉक्सचं मोल उजवापाय म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

मालवाहू
घरात एक उजव्या गिअरची आणि एक डाव्या गिअरची अशा दोन्ही बुलेट आहेत, मी आणि माझा दीर दोन्ही चालवतो. उजवापाय यांची भीती खरी आहे, पण ती गाडी बदलल्यावर पहिल्या काही किलोमीटरला. नियमित दोन्ही चालवल्या तर पाय गाडीवर बसताच ओळखतो. धोका असतो तो वर्षाकाठी एकदा दुसरी गाडी काढणाऱ्याला.

एक व्यावहारिक गोष्ट: डाव्या गिअरचा बॉक्स टाकलात तर मागच्या ब्रेकचं पेडल उजवीकडे न्यावं लागतं. ती सगळी जोडणी आधी जमवा. इंजिनाला बॉक्स बसून तयार आणि ब्रेक दोरीने बांधलेला, अशी गाडी मी पाहिली आहे. उजव्याच पायाने बदलायचा ५ स्पीडही मिळतो, शोधावा लागतो. ज्यांचा पाय वर्षानुवर्षं उजवीकडे बसलाय त्यांनी तोच शोधावा असं माझं मत.

तेलपाणी
मालवाहू, उत्तम मुद्दा. जुना ५ स्पीड बॉक्स घेणाऱ्यांसाठी पुढचं लिहितो, कारण इथेच लोक फसतात.

बंद बॉक्स घेऊ नका. विकणारा उघडू देत नसेल तर निघा. उघडल्यावर आधी तेल दोन बोटांत चोळा. राखाडी चमक चालते, खडा लागला तर नाही. मग डॉगचे कोपरे नखाने तपासा. कोपरा धारदार हवा, नख सहज घसरून गेलं तर तो गिअर भारावर सुटणार. स्लीव्ह गिअर धरून त्यातला मेनशाफ्ट वर-खाली हलवा. तिथला बुश झिजला असेल तर तेल शाफ्टच्या कडेने प्रायमरीत जातं आणि तुम्ही सील बदलत बसता.

क्लचचं सेंटर, मेनशाफ्टच्या पोटातून जाणारी क्लचची रॉड, प्रायमरीचं मागचं कव्हर हे सगळं त्याच गाडीचं मागून घ्या. वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र बसवताना अर्धा मिलिमीटर कुठेतरी अडतो आणि लेथवर फेऱ्या सुरू होतात.

बुलेटचा बॉक्स इंजिनाच्या पाठीला चार स्टडवर बसतो. ते पृष्ठभाग स्वच्छ करून घ्या. वाळलेल्या मळाचा तुकडा एका कोपऱ्यात राहिला तर बॉक्स तिरका बसतो आणि प्रायमरी चेन एका बाजूने घासते.

बापूराव_स्पॅनर
मागच्या हबमधले रबर कुणी सांगितले नाहीत. ते दगड झाले असतील तर गिअर बदलताना झटका बसतोच आणि सगळे गिअरबॉक्सला शिव्या देतात. चाक काढाल तेव्हा दाबून बघा.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. तेलपाणींनी सांगितलं त्याच क्रमाने गेलो. प्रेशर प्लेट खरंच तिरकी उठत होती, मागची बाजू आधी. स्क्रू फिरवून समतल केली. पहिला गिअर आता 'टक्' आवाज करून बसतो, बस्स. रॅचेटची पट्टी सरकवायला वेळ गेला, पण दुसऱ्या-तिसऱ्यातलं न्यूट्रल गायब. बापूराव, रबरही बदलले, कडा तुटलेल्या होत्या.

मेकॅनिकने ज्या गोष्टींसाठी बॉक्स बदलायला सांगितला होता त्या दोन्ही बॉक्स न बदलता गेल्या.

पण चढावरची दरी आहे तशीच आहे, ती जाणार नव्हतीच. गणितींचे आकडे कागदावर मांडून बायकोला दाखवले. ती म्हणाली, मागे बसून मला तो तिसरा ऐकू येतो, बदल. तेव्हा ५ स्पीड करायचं ठरलं. उजव्या पायाचाच शोधतोय. मालवाहू म्हणतात ते पटलं, माझी दुसरी कुठलीच गाडी नाही आणि पाय इथेच बसलाय. जुना बॉक्स तेल घालून, भोकं बंद करून कपाटात ठेवणार.

एकच शंका: स्प्रॉकेट १७ की १८? ते क्लचच्या मागे असल्यामुळे बदलायचं तर प्रायमरी पुन्हा सगळी उतरवावी लागेल, म्हणून एकदाच योग्य ते लावायचंय.

उजवापाय
टाचेची दांडी कपाटात जाणार याचं वाईट वाटतंय. पण उजवा पाय राखलात, तेवढं समाधान. शुभेच्छा.

गणिती
१७. तुमची गाडी नेहमी भरलेली असते आणि तुमची तक्रार चढाची आहे, हायवेच्या आवाजाची नाही. १७ वर ६० च्या वेगाला तिसरा ३७००, चौथा २९५०, पाचवा २४५० देईल. सध्या तुमच्याकडे ३५३० किंवा २६०० एवढेच पर्याय आहेत. २९५० हाच तुम्हाला हवा असलेला आकडा आहे. १८ एकट्याने सपाटीवर पळणाऱ्यासाठी.

व्ही_ट्विन
१७ ला माझंही मत. पहिल्यांदा ठरलेल्या वेळेआधीच तेल बदला आणि ड्रेन प्लगला चुंबक लावून ठेवा. नवीन बसवलेल्या गिअरचा चुरा सुरुवातीलाच निघतो, काय निघालं ते बघायला मिळतं.

बापूराव_स्पॅनर
आणि चेन. एक दात वाढला की चाक थोडं पुढे येतं. जुनी चेन ताणलेली असेल तर तीच पुरेल असं वाटेल, पण नव्या स्प्रॉकेटवर ताणलेली चेन चढवू नका, दात महिन्याभरात हुकासारखे होतील. नवी चेन आणा, आधी चाक खाचेच्या मध्यावर ठेवा, चेन गुंडाळून बघा आणि मगच कड्या तोडा.